आवाज माझाच, तारीख जुनी

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

श्रुतिका आली आणि आल्या आल्या माझा मोबाईल ताब्यात घेतला. मुलगी आयटीत असली की बापाच्या मोबाईलवर तिचाच हक्क. एक ॲप टाकलं. हॉस्पिटलवाल्यांचा कसलासा अभ्यास चालू आहे. पार्किन्सन्सवाल्यांनी रोज सकाळी मोबाईलसमोर बोलायचं. आवाजावरून कॉम्प्युटर सांगणार आजार कुठवर आलाय, आणि ते बघून डॉक्टर गोळ्या कमीजास्त करणार.

मी तिला स्पष्ट सांगितलं. माझा हात हलतो. उजवा. तोही मनात आलं तर. आवाजाला काय धाड भरलीय? आरे कॉलनीच्या डेअरीत तीसेक वर्षं सुपरवायझर होतो. या गोठ्यातून हाक मारली की पलीकडच्या गोठ्यातला माणूस पळत यायचा. मागोमाग म्हशीही यायच्या.

ती म्हणते, हल्ली फोनवर तुमचं काही ऐकू येत नाही. म्हटलं, नेटवर्क. म्हणते, समोर बसल्यावरही येत नाही. म्हटलं, दिवसरात्र कानात बोळे घालून फिरतेस, दुसरं काय होणार.

पण ॲप वापरायचं ठरवलंय. मला काही झालेलं नाही याचा याहून पक्का पुरावा कुठे मिळणार? कॉम्प्युटरच सांगेल. मग बघू डॉक्टर काय म्हणतो ते.

१० नोव्हेंबर. सकाळी

ॲपमध्ये एक बाई आहे. 'कृपया दीर्घ श्वास घेऊन शक्य तितका वेळ आ हा ध्वनी उच्चारावा.' ध्वनी उच्चारावा म्हणे. असं मराठी मी फक्त वीजबिलाच्या मागच्या बाजूला वाचलंय.

'आ' म्हटला. दणदणीत. खिडकीवरची कबुतरं उडायला पाहिजे होती. नाही उडाली. समोरच्या बिल्डिंगवाल्यांनी दाणे टाकून टाकून माजवून ठेवलीयत.

मग पाठ असलेलं काहीही म्हणा. गाऱ्हाणं म्हटलं. बाईचा निकाल: 'आपला आवाज अपेक्षेपेक्षा क्षीण आहे.' कोणाची अपेक्षा? तुझी? अगो बाय, आमच्या पटांगणात येऊन विचार गुणाजीचं गाऱ्हाणं म्हणजे काय ते.

लग्न झालं त्या वर्षापासून सोसायटीच्या माघी गणपतीला देवासमोर गाऱ्हाणं मीच घालतो. आमचे मालवणी लोक गावाहून कपडे कमी आणि ही पद्धत जास्त घेऊन आले. सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागायचं. याचं पोर पास होऊ दे, तिचं लग्न जमू दे, त्याचा गुडघा चालू राहू दे. प्रत्येक मागणीला अख्खं पटांगण ओरडतं, 'व्हय म्हाराजा.' पण ते 'व्हय' कधी येतं? गाऱ्हाणं घालणाऱ्याचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचला तर. म्हणून हे काम कोणा सोम्यागोम्याला देत नाहीत. कॉम्प्युटरला हे काय कळणार.

१३ नोव्हेंबर

रुक्मिणीचे कान गेले. बरेच दिवस संशय होता, आज खात्री पटली. चहा मागितला. 'काय?' परत मागितला. 'काय?' तिसऱ्यांदा मागितला तेव्हा गॅस बंद करून माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि तोंडाकडे बघत बसली. बिचारी. वय झालं. मला दया आली आणि रागही आला, कारण चहा शेवटपर्यंत मिळाला नाही.

कानाच्या डॉक्टरकडे न्यायचं. नवऱ्याचं कर्तव्य.

१८ नोव्हेंबर

नेलं. तिला काचेच्या खोलीत बसवून कानात यंत्र लावलं. रिपोर्ट: दोन्ही कान उत्तम, वयाच्या मानाने फारच चांगले. म्हणजे मशीन बिघडलेलं. तिथली मुलगी मलाच म्हणते, काका, जरा मोठ्याने बोलाल का. ज्या दुकानात कान तपासणारीच बहिरी, तिथला रिपोर्ट काय कामाचा?

येताना रिक्षावाल्याला काजूपाडा सांगितलं. तो मागे वळून वळून विचारत राहिला. शेवटी रुक्मिणीने सांगितलं, तर लगेच मीटर टाकला. बायकांचं ऐकायची सवय असते या लोकांना.

माझं मत पक्कं झालंय. मेट्रोच्या खोदकामाने अख्खी बोरीवली बहिरी करून टाकली. पेपरात पत्र पाठवायला हवं.

रुक्मिणीने घरी आल्यावर भांडी जरा जोरात ठेवली.

२३ नोव्हेंबर

कमिटीची मीटिंग. सेक्रेटरी नितेश. फ्लॅट विकणे-भाड्याने देणे हा याचा धंदा, त्यामुळे देवाशीही गिऱ्हाइकासारखा बोलतो. यंदाचा माघी गणपती जुन्या पटांगणातला शेवटचा. मार्चनंतर बिल्डिंग पाडायची, सगळे भाड्याने कुठे कुठे जाणार. कोणी विरार, कोणी मुलुंड. म्हणजे यंदाचं गाऱ्हाणं काही साधं नाही.

आणि हा पठ्ठ्या म्हणतो, यंदा नव्या पिढीने गाऱ्हाणं घालावं. नवी पिढी म्हणजे हा. चाळिशी आली तरी अजून नवी पिढी. म्हणे गेल्या वर्षी मागच्यांना काही ऐकू आलं नाही. तो माईकचा दोष होता हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आणि हा मोबाईलमध्ये बघून वाचणार! मी म्हटलं, वाचायचंच असेल तर देवाला पीडीएफ पाठव. कोणी हसलं नाही. जोक वरच्या दर्जाचा होता.

शेवटी म्हणतो, काका, डॉक्टरने सांगितलं की आवाज ठीक आहे, तर तुम्हीच घाला. जानेवारीत फायनल करू.

डॉक्टर. म्हणजे ॲप. ठीक आहे. बघतोच.

घरी आल्यावर जेवण गेलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर दुसरा कोणी तिथे उभा राहणार, आणि मी खुर्चीवर बसून 'व्हय म्हाराजा' म्हणणार. छ्या. असलं काही मला बघायचं नाही.

२४ नोव्हेंबर

संकल्प. पहाटे उठणे. गरम पाणी, मध. नॅशनल पार्कात जाऊन मोकळ्या हवेत गर्जनेचा रियाज. उद्यापासून.

२५ नोव्हेंबर

पार्कात गेलो. तिथे हास्यक्लबवाले आधीच हॅ हॅ हू हू करत उभे. अशा कोलाहलात रियाज होतो काय? बाकावर बसून मनातल्या मनात केला. मनातला उत्तम झाला.

२६ नोव्हेंबर

थंडी. नाही गेलो. मधाला मुंग्या. बाईचा निकाल तोच: क्षीण. ॲपमध्ये आता ग्राफही दिसतो. रेघ जिन्यासारखी खाली उतरतेय. ग्राफ उलटा लावला असणार. श्रुतिकाला विचारायला हवं, पण नको. ती आयटीवाली, बापापेक्षा ॲपवर विश्वास.

३० नोव्हेंबर

प्रबुद्ध आला. माझा आरेपासूनचा दोस्त, डेअरीत इलेक्ट्रिशियन होता, आता मागच्या बिल्डिंगमध्ये राहतो. त्याचा ॲम्प्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर म्हणजे एरियाची इस्टेट. त्यांची बुद्धजयंती असो की आमचा गणपती, साऊंड प्रबुद्धचाच. देवधर्मात पडत नाही, पण वायरला कोणी हात लावलेला चालत नाही त्याला.

त्याला नितेशचं सगळं सांगितलं. तो माझ्या तोंडाकडे बघत बसला आणि म्हणाला, "गुणा, खरं सांगू? तुझा आवाज येत नाही रे. ओठ हलतात नुसते."

आयुष्य जनरेटरशेजारी काढलं त्याने. त्याच्या कानांचं मी काय मनावर घेऊ? पण जाताना त्याने पेन ड्राइव्ह दिला. २०१४ चं माझं गाऱ्हाणं, त्याने थेट मिक्सरमधून घेतलेलं. टीव्हीला लावलं.

'बाऽऽऽ देवा म्हाराजा, आज तुझी सगळी लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत, तेंची चाकरी मानून घे रे म्हाराजा!' आणि त्यामागून पटांगण: 'व्हय म्हाराजाऽ!' अंगावर काटा आला. खोटं कशाला लिहू, डोळ्यांत पाणी आलं. रुक्मिणी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि कणकेचे हात तसेच धरून दारात उभी राहिली. शेवटपर्यंत हलली नाही. बघा, एवढा आवाज असला की हिलाही ऐकू येतं.

१ डिसेंबर. सकाळी

डोक्यात ट्यूब पेटली.

ॲप चालू केलं आणि मोबाईल टीव्हीच्या स्पीकरला टेकवला. बाई म्हणाली, आ उच्चारावा. मी 'बाऽऽऽ' लावला. अख्ख्या सोसायटीत ओढलेला आ. बाई म्हणाली, पाठ असलेलं म्हणा. मी पुढचं गाऱ्हाणं लावलं.

'आपला आवाज उत्तम आहे.'

कळलं ना आता? यात फसवाफसवी काही नाही. आवाज माझाच. गाऱ्हाणं माझंच. फक्त तारीख जुनी. लग्नात माणूस जुना कोट घालून जातो, त्याला कोणी चोर म्हणतं का?

१० डिसेंबर

रेघ चढतेय. परवा उत्तम, काल उत्तम, आज अतिउत्तम. आज टीव्हीचा आवाज दोन पॉइंट वाढवला होता.

ग्राफ नीट अभ्यासला. शास्त्र म्हणजे शास्त्र. नोव्हेंबरात घसरण, डिसेंबरात झपाट्याने सुधारणा. आजार मागे हटतोय याचा याहून स्पष्ट पुरावा नाही. मग इतक्या सुधारलेल्या माणसाला दिवसातून तीनदा गोळ्या कशाला? दुपारची बंद. रुक्मिणी हातात देते, मी तोंडाकडे नेतो आणि गॅलरीत जाऊन कढीपत्त्याच्या कुंडीत खुपसतो. उगाच वाद नको. झाडाचं एक पान थरथरत नाही, तेव्हा गोळी चांगली असणार. फक्त मला गरज नाही.

१९ डिसेंबर

हॉस्पिटल. आवाजाचं बघणारी दीप्ती नावाची तरुण मुलगी आहे, नागपूरकडची. गुणी आहे, पण मालवणी ओ की ठो कळत नाही. ग्राफ बघून खूश. विचारते, काका, रेकॉर्डिंगमध्ये तुमच्यासोबत खूप माणसं असतात का रोज? म्हटलं, आमची सोसायटी एकजुटीची. तिने ते कौतुकाने लिहून घेतलं आणि बाहेर बसलेल्या दोन पेशंटना सांगितलंसुद्धा की तुम्हीही चार लोक जमवून सराव करा, या काकांसारखा. त्यातला एक माझ्याकडे खाऊ की गिळू बघत होता.

माझं नाव मात्र तिने तीनदा विचारलं. तोंडावर मास्क होता तिच्या. मास्कच्या दोऱ्या कानांवर दाबतात, मग काय ऐकू जाणार. रेकॉर्डिंगमध्ये एवढा आवाज आणि समोर एवढासा, हे कसं, म्हणाली. मी सांगितलं, हॉस्पिटलच्या भिंती आवाज खातात.

डॉक्टर गोळ्या वाढवणार होता. ग्राफ बघून म्हणाला, आहेत तेवढ्याच ठेवू, छान चाललंय. रुक्मिणीने हात जोडले. मला तेव्हा जरा कसंतरी झालं. ॲसिडिटी.

२८ डिसेंबर

किरकोळ तक्रारी.

पेन बेकार निघालं. अक्षर बारीक बारीक होत जातं आणि ओळीच्या शेवटी मुंगीएवढं उरतं. रिफिल बदलली, तेच.

बोंबलाला वास नाही. गोराईहून खाडी ओलांडून येणारी मासेवाली पूर्वी दोन मजले खाली असताना कळायची. आता ताटात आले तरी पत्ता नाही. रुक्मिणी म्हणते वास येतोय. हिचं काय ऐकायचं?

शर्टवाले हल्ली काजं लहान शिवतात. बटण रुक्मिणी लावून देते.

सोसायटीच्या ग्रुप फोटोत सगळे हसतायत आणि मी पंचनाम्याला उभा. मी हसलो होतो. चांगलं आठवतंय.

४ जानेवारी २०२६, रविवार

विजय. कमिटीसमोर ग्राफ ठेवला. श्रुतिकाकडून शिकून घेतलं होतं, सोसायटीच्या ऑफिसातल्या टीव्हीवर मोठा करून दाखवला. मी पुराव्यानिशी सविस्तर भाषण केलं. सगळे म्हणाले, काय? मग रुक्मिणीने उभं राहून तेच परत सांगितलं, तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. यंदाचं गाऱ्हाणं: गुणाजी.

नितेश म्हणाला, काका, दोन ओळी आत्ता म्हणून दाखवा ना. मी म्हटलं, देवासमोरची गोष्ट ऑफिसात काढायची नसते. यावर कोण काय बोलणार?

११ जानेवारी

श्रुतिकाला संशय. घरात तुमचं बोलणं कळत नाही आणि ॲपवर उत्तम कसं? माझ्यासमोर करा. मी तिला खुणेने सांगितलं, मौन आहे. कार्यक्रमापर्यंत गळा राखून ठेवायचा, मोठे लोक असंच करतात. ती आईकडे गेली. दोघी बराच वेळ बोलत होत्या. भिंतीला कान लावायला मी काही रिकामा नाही. लावला होता, पण स्वयंपाकघरातला मिक्सर चालू होता.

१७ जानेवारी

बेडरूमच्या दारात पाय अडकला. म्हणजे फरशीला चिकटल्यासारखा झाला. पुढे जाईना, मागे येईना. किती वेळ उभा होतो कोण जाणे. रुक्मिणीला हाक मारली, दोनदा, तिला नेहमीप्रमाणे ऐकू गेलं नाही. मग आपणहून आली तेव्हा तिने हात धरून 'एक, दोन, एक, दोन' म्हटलं आणि पाय सुटला.

घाबरलो होतो. थंडीनेही असं होतं म्हणतात.

तिने विचारलं, दुपारची गोळी घेता ना? म्हटलं, तुझ्यासमोर तर घेतो. ती कुंडीला पाणी घालायला गेली.

२१ जानेवारी

रंगीत तालीम. बाथरूमचं दार लावून अख्खं गाऱ्हाणं घातलं. गर्जना केली, गर्जना. टाइल्स निखळतील असं वाटलं. बाहेरून रुक्मिणी: अहो, आत आहात ना? इतक्या गर्जनेनंतर हा प्रश्न.

तेव्हाच ठरवलं. सगळ्यांसाठी मागून झालं की उद्या शेवटी एक मागणी घरची घालायची. हिचे कान बरे होऊ देत. इतक्या वर्षांत घरच्यासाठी काही मागितलं नाही. गाऱ्हाणं घालणाऱ्याने स्वतःसाठी मागायचं नसतं. पण बायको म्हणजे काही अगदी स्वतः नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार. सकाळी

लिहितोय सविस्तर, कारण असा दिवस परत येणार नाही.

काल संध्याकाळी आरतीनंतर पटांगण खचाखच भरलं होतं. विरार-वसईला गेलेले जुने भाडेकरूही आले होते. नितेशने आधी नमस्कार-चमत्काराचं भाषण ठोकलं. मग मी उभा राहिलो. हात हलत होता, तो मागे बांधला. श्वास भरला आणि लावला 'बाऽऽऽ देवा म्हाराजा'. पूर्वीपेक्षा जोरात. छातीत जाणवला.

पहिल्या ओळीनंतर शांतता. सगळे माझ्याकडे टक लावून. भक्तीने माणूस असा स्तब्ध होतो. प्रबुद्ध मिक्सरवर सारखी बटणं फिरवत होता, स्पीकर शिट्टी मारायला लागला. नितेश लांबून हाताने वर, वर असं काहीतरी करत होता. एवढा आवाज सोसत नसेल प्रबुद्धच्या स्पीकरला. मी थांबलो नाही. आणि तेवढ्यात बायकांच्या बाजूने एक आवाज आला, 'व्हय म्हाराजा!' आणि मग सगळं पटांगण.

बस, गाडी लागली. मी मागतोय, ते ओरडतायत. प्रबुद्धच्या गुडघ्यासाठी मागितलं, त्याला चालत नसलं तरी. ज्यांची पोरं बेकार आहेत त्यांच्यासाठी मागितलं. पाडणार त्या बिल्डिंगच्या जागी नवी बिल्डिंग आमच्या डोळ्यांदेखत उभी राहू दे, सगळी माणसं परत याच पटांगणात येऊ देत, असं मागितलं. मोठ्या मनाने नितेशच्या धंद्यासाठीही मागितलं. एकही 'व्हय' चुकला नाही. आणि शेवटी हिच्या कानांचं मागितलं. त्यालाही सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हटलं. हिनेसुद्धा म्हटलं, अगदी खणखणीत.

नंतर लोक येऊन हात धरत होते. जुन्यातल्या दोघीतिघींनी डोळे पुसले. प्रबुद्धने पाठीवर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभा राहिला. आवाजाबद्दल मात्र कोणी एक शब्द बोललं नाही. जे सूर्यासारखं उघड आहे त्याबद्दल काय बोलणार?

२५ जानेवारी, रविवार

श्रुतिका आली. ग्रुपवर व्हिडिओ आलाय म्हणाली. मीच म्हटलं, लाव टीव्हीवर.

आधी नितेश. एकेक शब्द स्वच्छ. मग मी.

ओठ हलतायत. मान ताठ, छाती फुगलेली. आवाज नाही. स्पीकरची शिट्टी ऐकू येते, कोणाचं तरी मूल रडतंय ते ऐकू येतं, मागच्या रस्त्यावरचा हॉर्न ऐकू येतो. मी नाही. मग रुक्मिणीचा आवाज, एकटीचा: 'व्हय म्हाराजा!' लोक तिच्याकडे वळून बघतात आणि मग तिच्यामागून ओरडतात. मग परत मी. परत काही नाही. परत ती. सगळं गाऱ्हाणं असंच. मोकळ्या जागेला लोक 'व्हय' म्हणतायत.

मी म्हटलं, आवाज वाढव. श्रुतिकाने वाढवला. रुक्मिणीच्या 'व्हय'ने खिडकी वाजली. म्हटलं, मोबाईल लांब असेल. श्रुतिका म्हणाली, नितेशदादाच्या वेळीही तिथेच होता. म्हटलं, माईक. ती म्हणाली, बाबा, माईक तोच होता. श्रुतिकाने टीव्ही बंद केला आणि पाणी आणायला गेली. ग्लास आधीच भरलेला होता.

रुक्मिणी माझ्याशेजारी बसली होती. तिला विचारलं. दोनदा विचारावं लागलं.

"तुला तरी ऐकू येत होतं ना?"

"नाही."

"मग व्हय कशाला म्हणत होतीस?"

"तुम्ही श्वास कुठे घेता ते माहीत आहे मला. खांदा वर जातो. लग्न करून आले त्या वर्षापासून बघतेय."

मग म्हणाली, "शेवटी एक जास्तीचं होतं. दरवर्षी तिथे थांबता, यंदा परत श्वास घेतलात. मी आपलं व्हय म्हटलं. काय मागितलंत?"

मी म्हटलं, सगळ्यांचं भलं.

२७ जानेवारी

दीप्तीचा फोन. श्रुतिकाने घेतला, स्पीकरवर लावला. कॉम्प्युटरला म्हणे माझ्या सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये एकच खोकला सापडला. रोज त्याच जागी, त्याच माणसाचा. दीप्ती चिडली नाही. हळूच म्हणाली, काका, हे कोण खोकतंय?

तात्या धुरी. पहिल्या रांगेत बसून नेमका दुसऱ्या ओळीला खोकायचा. त्याला जाऊन आठ-नऊ वर्षं झाली. मेल्यावरही माणूस आडवा येतो.

श्रुतिकाने सगळं काढून घेतलं माझ्याकडून. डिसेंबरपासूनची माझी नोंद अभ्यासातून काढून टाकणार. डॉक्टरने उद्याच बोलावलंय, गोळ्या तेव्हाच वाढवायला हव्या होत्या. श्रुतिका बरंच बोलली. ती बोलली त्याचं काही नाही. रुक्मिणीने गॅलरीतून कुंडी आणून माझ्यासमोर ठेवली आणि माती बोटांनी उकरली. पांढऱ्या गोळ्या, अर्ध्या विरघळलेल्या. तिला आधीच सापडल्या होत्या. मी आपणहून सांगेन म्हणून वाट बघत होती. आणि मग ती रडायला लागली. शिव्या घातल्या असत्या तर मी उत्तर दिलं असतं.

२९ जानेवारी. सकाळी

डोस वाढवला. गोळी ती आता हातात देत नाही, जिभेवर ठेवते आणि पाणी पिईपर्यंत समोर उभी राहते. या वयात.

ॲप लावलं. टीव्ही बंद. 'आ' म्हटला. बाई म्हणाली, 'आवाज नोंदवला गेला नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करावा.' मी तिला काही बोललो नाही. पुन्हा म्हटला. रुक्मिणी शेजारी बसून माझा खांदा बघत होती. चौथ्या वेळी नोंदवला. क्षीण.

ॲप बंद झाल्यावर तिला म्हटलं, त्या दिवशी शेवटी तुझ्या कानांचं मागितलं होतं.

"काय?"

परत सांगितलं.

"काय?"

तिसऱ्यांदा ओरडून सांगितलं. म्हणजे मला वाटलं ओरडलो.

मग तिने केस मागे सारले आणि कान माझ्या तोंडाशी आणला. चांगला कान आहे. वयाच्या मानाने फारच चांगला. मी म्हटलं, काही नाही.

तेवढं तिला पहिल्या झटक्यात ऐकू आलं.